शाळेतील लिंगभाव समानता: मोजणीपासून बदलापर्यंत एका शैक्षणिक वर्षाचा आराखडा

शिक्षणातील लिंगभाव समानतेचा विषय निघाला की बहुतेक शाळा पटसंख्येचा आकडा पुढे करतात. मुली निम्म्या, मुलगे निम्मे, म्हणजे समानता आली, असा त्यामागचा समज असतो. परंतु पटावर नाव असणे आणि वर्गात वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न कोणाला विचारला जातो, उपकरणाला हात कोण लावतो, मैदान कोणाच्या ताब्यात असते, सलग चार दिवस गैरहजर राहिल्यावर कोणाच्या घरी चौकशी होते आणि कोणाच्या घरी होत नाही, हे हजेरीपटावरून कळत नाही. म्हणून या मार्गदर्शकाचा सारा भर शाळेने आपल्याच कामकाजाची मोजणी करण्यावर आहे. घोषवाक्ये, भित्तिपत्रके आणि वर्षातून एकदा होणारी भाषणे यांना मी जाणूनबुजून जागा दिलेली नाही. त्यांनी नुकसान होते असे नव्हे, पण ती झाली की काम झाल्यासारखे वाटते आणि खरे काम मागे पडते.

या कामाला आंतरराष्ट्रीय आधार जुना आहे. शिक्षणातील भेदभावाविरुद्धचा युनेस्कोचा करार १९६० साली झाला. संयुक्त राष्ट्रांनी १९७९ साली स्वीकारलेल्या, स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याविषयीच्या कराराचे दहावे कलम पूर्णपणे शिक्षणाविषयी आहे. प्रवेशाच्या समान संधीबरोबरच समान अभ्यासक्रम, समान परीक्षा, पाठ्यपुस्तकांतील साचेबद्ध प्रतिमा काढून टाकणे, खेळात समान सहभाग आणि मुलींची गळती कमी करणे या गोष्टीही त्यात स्पष्टपणे नमूद आहेत. शाश्वत विकास उद्दिष्टांतील ४.५ हे लक्ष्य २०३० पर्यंत शिक्षणातील लिंगभाव विषमता दूर करण्याचे आहे. व्यवस्थापनाशी बोलताना हे संदर्भ उपयोगी पडतात. वर्गात मात्र त्यांच्यापेक्षा कागद आणि पेन्सिल जास्त उपयोगी पडते.

पहिली पायरी: लहान गट आणि एक स्पष्ट हमी

आढावा घेणारा गट चार-पाच जणांचाच असावा. त्यात मुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापिका, वेगवेगळे विषय शिकवणारे दोन शिक्षक, कार्यालयातील नोंदी सांभाळणारी एक व्यक्ती आणि एक पालक असले म्हणजे पुरे. गटात स्त्रिया आणि पुरुष दोघेही हवेत, कारण हे काम केवळ शिक्षिकांवर सोपवले की ते ‘बायकांचे काम’ ठरते आणि शिक्षक-खोलीत त्याचे वजन उरत नाही.

काम सुरू होण्यापूर्वीच प्रमुखांनी सर्वांसमोर एक हमी द्यावी: या आढाव्यातील कोणतीही नोंद कोणत्याही शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही. ही हमी दिली नाही, तर निरीक्षणाच्या दिवशी प्रत्येक वर्गात मुलींना भराभर प्रश्न विचारले जातील आणि सगळी मोजणी वाया जाईल. हमी देणाऱ्याने स्वतःच्या तासाचे निरीक्षण सर्वांत आधी करून घेतले, तर तिच्यावर विश्वासही बसतो.

दुसरी पायरी: नोंदवह्यांतले आकडे वेगळे करणे

पहिल्या महिन्यात नवीन माहिती गोळा करण्याची गरज नसते. असलेली माहिती मुलगे आणि मुली अशी वेगळी मांडायची असते. प्रत्येक इयत्तेचा पट, सरासरी हजेरी, परीक्षेचे निकाल, ऐच्छिक विषयांची निवड, शाळा सोडल्याचे दाखले, शिक्षेच्या नोंदी, आणि संघ, स्पर्धा व सहलींतील सहभाग, एवढे पुरे होते.

युनेस्कोच्या पद्धतीत लिंगसमता निर्देशांक काढताना मुलींच्या आकड्याला मुलांच्या आकड्याने भागतात. उत्तर ०.९७ ते १.०३ या दरम्यान आले, तर समता साधली असे मानले जाते. हा निर्देशांक सोपा आहे, तसाच फसवाही आहे. समजा, एका शाळेत पाचवीत ५० मुली आणि ५० मुलगे दाखल झाले. पाच वर्षांनी दहावीत ३४ मुली आणि ४० मुलगे उरले, तर निर्देशांक ०.८५ येतो आणि दोष दिसतो. दुसऱ्या शाळेत तितक्याच विद्यार्थ्यांपैकी ३५ मुली आणि ३५ मुलगे उरले, तर निर्देशांक बरोबर १ येतो, आणि ३० विद्यार्थी वाटेत गळाल्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून केवळ या वर्षीच्या इयत्तांची तुलना न करता एकच तुकडी धरून तिचा वर्षानुवर्षांचा प्रवास मांडावा. नाव कमी झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर एक कारण लिहावे. तो दुसऱ्या शाळेत गेला असेल, तर तिथे खरोखर दाखल झाल्याची खात्री करावी. ‘स्थलांतर’ आणि ‘कौटुंबिक कारण’ हे दोन शब्द नोंदवहीत फार वेळा भेटतात, आणि त्यांच्या आड लग्न, मजुरी किंवा धाकट्या भावंडांची राखण दडलेली असते.

हजेरीची सरासरीही पुरेशी नाही. आठवड्याच्या ठराविक वारी किंवा हंगामाच्या ठराविक महिन्यांत कोण गैरहजर असते, हे पाहावे. मुलींची गैरहजेरी वर्षभर थोडीथोडी विखुरलेली आणि मुलांची एखाद्या कामाच्या हंगामात एकवटलेली आढळली, तर दोन्हींची कारणे वेगळी असणार आणि उपायही वेगळे लागणार.

तिसरी पायरी: वर्गात बसून मोजणे

या आढाव्याचा गाभा हा आहे, आणि यासाठी दुसरा व तिसरा महिना राखून ठेवावा. बैठक-व्यवस्थेचा साधा नकाशा काढावा. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक चौकोन आखून त्यात ‘मु’ किंवा ‘ली’ असे लिहावे. निरीक्षकाने मागे बसून वीस मिनिटे केवळ रेघा ओढायच्या असतात: शिक्षकाने नाव घेऊन प्रश्न विचारला तर उभी रेघ, विद्यार्थी न विचारता बोलला तर आडवी, शाबासकी मिळाली तर गोल, रागावणे झाले तर फुली. प्रश्न कोणत्या प्रकारचा होता, तेही एका अक्षराने टिपावे. ‘काय, कधी, कोठे’ विचारणारा आठवणीचा प्रश्न असेल तर ‘आ’, आणि ‘का, कसे, नाहीतर काय झाले असते’ असे विचारणारा विचाराचा प्रश्न असेल तर ‘वि’. एका वर्गात वेगवेगळ्या विषयांच्या निदान तीन तासांना असे बसावे, कारण एका तासावरून काढलेला निष्कर्ष त्या दिवसाच्या लहरीवर अवलंबून असतो.

मोजणीचा अर्थ लावताना घाई करू नये. समजा, ३६ विद्यार्थ्यांच्या वर्गात १८ मुली व १८ मुलगे आहेत, आणि तीन निरीक्षणांत मिळून ४० प्रश्न नाव घेऊन विचारले गेले; त्यांपैकी २६ मुलांना आणि १४ मुलींना. म्हणजे ६५ टक्के मुलांकडे. इथे बहुतेकजण थांबतात आणि ‘मुलांना झुकते माप’ असा शेरा मारतात. पण नकाशा पुन्हा पाहिल्यावर कळते की मुलांच्या २६ प्रश्नांपैकी १७ प्रश्न पुढे बसणाऱ्या चारच मुलांकडे गेले आहेत. उरलेल्या १४ मुलांच्या वाट्याला फक्त ९ प्रश्न आले, म्हणजे माणशी ०.६४, मुलींचे प्रमाण माणशी ०.७८ आहे. त्या वर्गातील खरी विषमता ‘सर्व मुलगे विरुद्ध सर्व मुली’ अशी नाहीच. चार मुलांनी वर्ग व्यापला आहे, आणि बहुसंख्य मुली व बहुसंख्य मुलगे गप्प आहेत. हे लक्षात आले नाही, तर उपाय चुकतो आणि गप्प बसणाऱ्या मुलांना विनाकारण दोषी ठरवले जाते. हीच छाननी मुलींच्या आकड्याचीही करावी. अनेकदा १४ पैकी ९ प्रश्न वर्गातल्या दोन ‘हुशार’ मुलींकडेच गेलेले असतात.

अमेरिकेतील मायरा आणि डेव्हिड सॅडकर या संशोधक दांपत्याने वर्षानुवर्षे वर्गांचे निरीक्षण करून दाखवून दिले की शिक्षकांचे लक्ष मुलांकडे अधिक जाते आणि हे स्वतः शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. दुसरा भागच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘मी भेदभाव करत नाही’ असे म्हणणारा शिक्षक बहुधा खरेच बोलत असतो; फक्त त्याने कधी मोजलेले नसते. म्हणून नकाशा सर्वप्रथम त्याच शिक्षकाच्या हाती द्यावा, एकट्यात द्यावा आणि सोबत एकही सल्ला देऊ नये. रेघा पाहून तो स्वतः काय म्हणतो, ते ऐकावे.

चौथी पायरी: वर्गातील सवयी बदलणे

इथे मोठ्या खर्चाचे काहीच नाही. सर्वांत परिणामकारक सवय वाट पाहण्याची आहे. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा अधिक नेली, तर उत्तरे लांब आणि सकारण होतात व एरवी न बोलणारे विद्यार्थीही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण शांत वर्गासमोर उभे राहून ते मोजणे सुरुवातीला अवघड जाते. मनात एक ते चार अंक म्हणण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी सवय चिठ्ठ्यांची. सर्वांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवून, प्रश्न आधी विचारावा, थांबावे आणि मगच चिठ्ठी काढावी. हा क्रम उलटा झाला, तर नाव ऐकताच बाकीचे निर्धास्त होतात. ज्यांना एकदम बोलण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलून मग उत्तर देण्याची मुभा असावी. डब्याने पहिल्या आठवड्यात वर्ग अवघडतो. तिसऱ्या आठवड्यात त्याची कोणी दखलही घेत नाही.

गटकार्यात भूमिका आपोआप ठरू देऊ नयेत. प्रयोगशाळेत किंवा संगणकासमोर मिश्र गट बसवला की बहुधा मुलगा उपकरण हाताळतो आणि मुलगी निरीक्षणे सुवाच्य अक्षरात लिहून काढते. वर्षाच्या शेवटी वही तिची सुंदर असते आणि हात त्याचा सरावलेला. हाताळणी, नोंद, वेळपालन आणि सादरीकरण अशा चार भूमिका ठरवून, प्रत्येक प्रात्यक्षिकाला त्या फिरवाव्यात आणि भूमिकांचा तक्ता भिंतीवर लावावा. शाळेतील कामांनाही हेच लागू आहे. बाके उचलायला मुलगे आणि पाहुण्यांच्या स्वागताला तबक घेऊन मुली, ही विभागणी कोणी लिहून ठेवलेली नसते, तरीही ती मोडायला आदेश लागतो. कामांचा पाळीपत्रक हजेरी क्रमांकानुसार केला की वाद संपतो.

उत्तरपत्रिका तपासताना नाव झाकून फक्त क्रमांक ठेवावा. नाव दिसते तेव्हा आणि दिसत नाही तेव्हा दिलेल्या गुणांत फरक पडतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हा फरक कोठे मुलींच्या बाजूने आणि कोठे मुलांच्या बाजूने झुकतो. दिशा कोणतीही असो, नाव झाकण्याला काही खर्च येत नाही.

पाचवी पायरी: शेरे, भाषा आणि पाठ्यपुस्तके

प्रगतिपत्रकावरील शेरे हा आढाव्याचा फार बोलका भाग आहे आणि तो जवळपास कोणीच तपासत नाही. मागील सत्रातील पन्नास शेरे घ्यावेत, नावे काढून टाकावीत, क्रियापदेही अनेकवचनी करावीत, आणि दुसऱ्या शाखेतील सहकाऱ्याला प्रत्येक शेरा मुलाचा की मुलीचा हे ओळखायला सांगावे. ‘हुशार, पण लक्ष देत नाहीत’ आणि ‘कष्टाळू, नीटनेटके’ यांच्या मागे कोण उभे आहे, हे नाव नसतानाही कळते. अंदाज निम्म्याहून बरेच अधिक बरोबर आले, तर आपण मुलांची बुद्धी आणि मुलींची मेहनत यांचे कौतुक वाटून घेतले आहे, असे समजावे.

हे वाटप लवकर रुजते. लिन बियान, सेरा-जेन लेस्ली आणि आंद्रेई चिम्पियन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे आपापल्या लिंगाची व्यक्ती ‘फार फार हुशार’ असल्याचे सारख्याच प्रमाणात सांगत होते. सहाव्या वर्षापासून मुलींमध्ये हे प्रमाण घसरले, आणि ‘हा खेळ फार हुशार असणाऱ्यांसाठी आहे’ असे सांगितल्यावर त्या खेळातला त्यांचा रस कमी झाला. म्हणजे दहावीनंतरचे मार्गदर्शन शिबिर दहा वर्षे उशिरा भरते. शाबासकी कामाला द्यावी, स्वभावाला नव्हे: ‘तू दुसरी रीत शोधलीस’, ‘हे कारण पटण्यासारखे आहे’, ‘इथे तू अडलास आणि तरी सोडले नाहीस’. ‘मुलगी असून गणित छान जमते’ यासारखे कौतुक तर शाळेतून हद्दपारच करावे. त्या वाक्यातला ‘असून’ सगळे काम बिघडवतो.

मराठीची एक गंमत आणि एक अडचण इथे नोंदवायला हवी. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे त्याचे अनेकवचन ‘मुले’ खरे तर मुलगे आणि मुली दोघांनाही सामावून घेते. पण आपण ‘मुले आणि मुली’ असे म्हणू लागलो, आणि सर्वसमावेशक शब्द एका बाजूला देऊन बसलो. मुलांसाठी ‘मुलगे’ आणि सर्वांसाठी ‘मुले’ हा भेद शाळेने जाणीवपूर्वक पाळला, तर निदान शाळेपुरता हा गोंधळ मिटतो. (या लेखातही मी तो सर्वत्र पाळू शकलेलो नाही, कारण ‘मुलग्यांना’ म्हणायला जीभ चटकन वळत नाही.) मोठी अडचण क्रियापदांची आहे. ‘शास्त्रज्ञ’, ‘डॉक्टर’, ‘न्यायाधीश’ हे शब्द स्वतः कोणाचेही असू शकतात, पण ‘शास्त्रज्ञ प्रयोग करतो’ असे म्हणताच तो पुरुष होतो. आदरार्थी किंवा अनेकवचनी रचना वापरली की प्रश्न सुटतो: ‘शास्त्रज्ञ प्रयोग करतात’, ‘ज्याला उत्तर येते त्याने’ याऐवजी ‘उत्तर येणाऱ्यांनी’. गणिताच्या उदाहरणांत जिथे एकवचन टाळता येत नाही, तिथे आळीपाळीने ‘तो’ आणि ‘ती’ वापरावे.

पाठ्यपुस्तकांची मोजणी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. सातवी-आठवीच्या वर्गाला हा उत्तम सांख्यिकी प्रकल्प होतो. एका पुस्तकातील चित्रांत आणि उदाहरणांत किती स्त्रिया व किती पुरुष आहेत, ते काय करताना दिसतात, घरात आहेत की बाहेर, बोलणारे आहेत की ऐकणारे, याचा तक्ता करायचा. पुस्तक बदलणे शाळेच्या हाती नसते, पण शिक्षकाने जोडलेली उदाहरणे, भिंतीवरची चित्रे आणि वाचनालयातील खरेदी हाती असते.

प्रतिमा बदलतात, याला पुरावा आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. केवळ २८ चित्रांत स्त्री होती, आणि ती सर्व २८ चित्रे मुलींनी काढलेली होती. अमेरिकेतील अशा पाच दशकांच्या अभ्यासांचा २०१८ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा १९८५ नंतरच्या अभ्यासांत स्त्री शास्त्रज्ञ काढणाऱ्या मुला-मुलींचे प्रमाण सरासरी २८ टक्के निघाले. हाच प्रयोग आपल्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी करून पाहता येतो. चित्रे जपून ठेवावीत.

सहावी पायरी: स्वच्छतागृह, पाळी, वाट आणि तक्रार

स्वच्छतागृहाची पाहणी कागदावर न करता दुपारच्या सुटीत प्रत्यक्ष आत जाऊन करावी. कडी आतून लागते का, पाणी आत आहे की बाहेरून बादली न्यावी लागते, झाकणाचा डबा आहे का, उजेड आहे का, आणि कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते? किल्ली पुरुष कर्मचाऱ्याकडून मागून घ्यावी लागत असेल, तर ते स्वच्छतागृह मोठ्या मुलींसाठी बंदच आहे असे समजावे.

मासिक पाळीमुळेच मुली शाळा सोडतात, असे सरसकट विधान करू नये. नेपाळमध्ये मुलींना मासिक पाळीचे कप देऊन केलेल्या एका अभ्यासात हजेरीत जवळपास काहीच फरक पडला नव्हता. साधने द्यायची ती हजेरी वाढावी म्हणून नव्हे, तर पाच तास अवघडून बसावे लागू नये म्हणून. पॅड मागण्यासाठी परवानगी, नोंद किंवा सही लागू नये. ते स्वच्छतागृहातच ठेवलेले असावेत. पाळीविषयीचा पाठ मुलग्यांनाही शिकवावा, आणि तो मुलींना दुसऱ्या खोलीत नेऊन कुजबुजत शिकवू नये.

शाळेपर्यंतचे अंतर हे मुलींच्या गळतीचे मोठे आणि सिद्ध झालेले कारण आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींतील अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात आढळले. एकट्या शाळेला सायकली वाटता येणार नाहीत. परंतु विद्यार्थ्यांच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटांचा नकाशा काढणे, कोठे भीती वाटते ते मुलींनाच खूण करायला सांगणे, एका वाटेने येणाऱ्यांचे गट करणे आणि शाळा सुटण्याची वेळ वाहनाच्या वेळेशी जुळवून घेणे, हे करता येते.

तक्रारीसाठी एक पेटी टांगून भागत नाही. एक स्त्री आणि एक पुरुष अशी दोन नावे प्रत्येक वर्गात लावलेली असावीत, तक्रारीनंतर पहिल्या २४ तासांत काय करायचे ते लेखी ठरलेले असावे, आणि तक्रार करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला आरोप असलेल्या व्यक्तीसमोर उभे करून ‘समेट’ घडवण्याला स्पष्ट मनाई असावी. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास शाळेने स्वतः तपास करत बसू नये. कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला तत्काळ कळवावे.

सातवी पायरी: गळती होण्याआधी पोहोचणे

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवारची गैरहजेरी येते, मग गृहपाठ थांबतो, मग सहलीला नकार मिळतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस गैरहजेरी झाली की वर्गशिक्षकाने घरी संपर्क साधावा, असा नियम करावा आणि तो मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लावावा. घरी गेल्यावर ‘शाळेत का पाठवत नाही?’ असा जाब विचारू नये. ‘सकाळी घरात कोणकोणती कामे असतात आणि ती कोण करते?’ असे विचारले की खरे कारण बोलण्यात येते. भेटीला आई-वडील दोघांनाही बसवावे. मुलीचे लग्न ठरत असेल, तर निर्णय कोण घेते आहे हे आधी समजून घ्यावे. तिच्या आईशी तासभर बोलून उपयोग होत नाही, जर शब्द काकांचा चालत असेल.

पैशाची मदत कशी रचावी, याचे दोन नमुने अभ्यासण्यासारखे आहेत. मेक्सिकोत १९९७ साली सुरू झालेल्या प्रोग्रेसा योजनेत माध्यमिक इयत्तांतील मुलींसाठी मुलांपेक्षा अधिक रक्कम ठेवली होती, कारण गळतीचा धोका तिथे अधिक होता. बांगलादेशाने १९९४ साली देशभर लागू केलेल्या माध्यमिक शिष्यवृत्तीत मुलीने ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि अविवाहित राहणे या अटी होत्या. गुणांची अट मला खटकते, कारण मागे पडलेल्या मुलीलाच मदतीची जास्त गरज असते. शाळेने स्थानिक देणगीतून शिष्यवृत्ती ठेवली, तर ती गुणांना न जोडता हजेरीला आणि गळतीच्या धोक्याला जोडावी.

शाळा सोडून गेलेल्या, लग्न झालेल्या किंवा आई झालेल्या मुलीला परत यायचे असेल, तर तिला कोणता फॉर्म भरावा लागेल आणि कोणत्या वर्गात बसवले जाईल, हे आधीच लिहून ठेवावे. दारात आल्यावर ‘बघू, विचारून सांगतो’ असे ऐकलेली मुलगी दुसऱ्यांदा येत नाही.

आठवी पायरी: मुलग्यांचा प्रश्न

काही शाळांत आकडे उलटे दिसतील, आणि ते झाकू नयेत. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) या संघटनेतील देशांच्या सरासरीत गणितात मुलगे मुलींपेक्षा ९ गुणांनी पुढे होते, तर वाचनात मुली मुलांपेक्षा २४ गुणांनी पुढे होत्या. युनेस्कोने त्याच वर्षी मुलग्यांच्या शिक्षणापासून दुरावण्यावर स्वतंत्र अहवाल काढला. लवकर कमाईला लावणे, कडक शारीरिक शिक्षा, आणि अभ्यास म्हणजे मुलींचे काम अशी समवयस्कांतली समजूत, ही कारणे त्यामागे असतात. ज्या साच्यामुळे मुलगी गणितापासून दूर जाते, त्याच साच्यामुळे मुलगा वाचनापासून दूर जातो. शिक्षेच्या नोंदी मुलांकडे झुकलेल्या आढळल्या, तर त्यांचीही वर्गातल्या रेघांइतकीच बारकाईने तपासणी करावी. वाचनालयाच्या तासाला पुरुष शिक्षकांनी स्वतः पुस्तक घेऊन बसणे हा छोटा उपाय आहे, पण मुलगे ते पाहतात.

नववी पायरी: विषयांची निवड

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांतील जगभरातील पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याचे गुण, आवड आणि केलेले प्रकल्प आधी पाहून शिफारस लिहावी आणि नाव मग पाहावे. एखाद्या विख्यात स्त्रीचे व्याख्यान ठेवण्यापेक्षा साधे काम करणाऱ्या चार-पाच जणींना वेगवेगळ्या महिन्यांत बोलवावे: यंत्रशाळेतली तंत्रज्ञ, सर्वेक्षण करणारी अभियंता, संगणक जोडणी करणारी. विख्यात व्यक्ती अपवाद वाटते. तंत्रज्ञ शक्यतेच्या आवाक्यातली वाटते. बालसंगोपन, परिचर्या किंवा पाककला शिकणाऱ्या मुलग्यांसाठीही अशीच माणसे बोलवावीत.

दहावी पायरी: तीन लक्ष्ये आणि पुन्हा मोजणी

आढाव्यातून वीस त्रुटी निघतील. त्यांपैकी तीनच निवडाव्यात, आणि प्रत्येक लक्ष्य मोजता येईल अशा शब्दांत लिहावे. ‘मुलींचा सहभाग वाढवणे’ हे लक्ष्य नव्हे. ‘सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गात सत्राअखेरीस निदान ८० टक्के विद्यार्थ्यांना एका आठवड्यात एक तरी विचाराचा प्रश्न विचारला गेलेला असावा’ हे लक्ष्य आहे. प्रत्येकासमोर जबाबदार व्यक्ती, तारीख आणि लागणारा पैसा लिहावा. खर्च शून्य असेल, तर तसे लिहावे.

आठव्या महिन्यात तिसऱ्या पायरीचीच निरीक्षणे त्याच वर्गांत, त्याच नकाशाने, पण दुसऱ्या निरीक्षकाकडून करून घ्यावीत. आकडा सुधारला नसेल, तर उपाय राबवला गेला होता का, हे आधी पाहावे. पुष्कळदा चिठ्ठ्यांचा डबा दुसऱ्या महिन्यापासून कपाटावर धूळ खात असतो. सुधारला असेल, तर कोणत्या विद्यार्थ्यांचा सुधारला, हे नकाशावर शोधावे, कारण सरासरी वाढली तरी मागच्या बाकावरची तीच सहाजण अजूनही कोरी असू शकतात.

सर्व नकाशे, तक्ते, शेऱ्यांची छाननी आणि विद्यार्थ्यांची चित्रे एका फाइलमध्ये इयत्तेनुसार लावून कार्यालयातील कायमच्या नोंदींत ठेवावीत. पहिल्या पानावर पुढील वर्षी कोणत्या महिन्यात काय मोजायचे आहे आणि ते कोणी करायचे आहे हे लिहावे, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी नव्याने येणाऱ्या व्यक्तीला जूनमध्ये कोरा बैठक-नकाशा छापायला देता येईल.